डावा गुडघा सावरगावचा

कप भरत आला की चहाच्या धारेचा आवाज चढत जातो. कपात उरलेली हवेची जागा जितकी कमी, तितका स्वर उंच. हे मी नववीच्या मुलींना परीक्षानळी आणि पाणी घेऊन शिकवते. माझ्या सासूबाई हेच भौतिकशास्त्र न शिकता वापरत असत. किटली तिरकी करून, मान जराशी वळवून त्या ऐकत आणि आवाज ठरावीक उंचीला पोहोचला की थांबत. बशीत थेंब सांडत नसे. पाहुणे म्हणत, सरलाबाईंचा हात किती सफाईदार आहे. सफाईचा काही संबंध नव्हता. त्यांना कप दिसतच नव्हता.

मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत होता आणि चांगला पिकलेला होता. पांढुर्ण्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, की हा हिवाळा टाळू नका; फार उशीर झाला तर डोळ्यातला दाब वाढतो, मग ऑपरेशन करूनही हाती काही लागत नाही. मी घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात. आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "हाव प्रतिभा, करू नं. पहिले ह्यांचे गुडघे होऊ दे."

ह्यांचे म्हणजे माझ्या सासऱ्यांचे. त्यांना सगळं गाव बापूजी म्हणे. ते पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झाले होते आणि कोणतीही गोष्ट रजिस्टर्ड असल्याशिवाय त्यांना खरी वाटत नसे. बायकोचं ऑपरेशन नागपूरला, चांगल्या डॉक्टरकडे, स्वतः सोबत राहून करायचं, असं त्यांनी जाहीर केलं होतं. पण नागपूर स्टेशनात उतरलं की पूल चढावा लागतो. पूल चढायचा तर गुडघे हवेत. म्हणून आधी गुडघे, मग पूल, मग डोळे, असा क्रम लागला होता. या क्रमात गेले दोन हिवाळे निघून गेले होते.

"मी नेते ना आत्याबाईंना," मी एकदा म्हटलं होतं.

"सून घेऊन जाईन आन् मी इथं ओसरीवर बसून राहू?" बापूजी म्हणाले. "लोकं काय म्हणतील, पोस्टमास्तरनं बायको पार्सल केली?"

दुसरा मार्ग सौंसरच्या नेत्रशिबिराचा होता. एक धर्मादाय संस्था दरवर्षी दिवाळीनंतर तिथे फुकट ऑपरेशनं करून देई. जेवण फुकट, चष्मासुद्धा फुकट. बापूजींच्या मते त्यात तेवढीच खोट होती. "फुकटच्या शिबिरात माही बायको नाही जाणार. शाळेच्या वर्गात ओळीनं निजवतात म्हणे. आपण काय गरीब आहो?"

आपण गरीब नव्हतो, हे खरं होतं. नागपूरचा डॉक्टर परवडेल इतके श्रीमंतही नव्हतो, हेही खरं होतं. माझे यजमान विनायक सहकारी बँकेत कॅशियर होते. त्यांनी बापूजींच्याच आग्रहावरून ऑपरेशनसाठी पोस्टात वेगळं खातं उघडलं होतं. पण पैसे त्या खात्यात पोहोचायच्या आधी गुडघ्यांत जात.

गुडघ्यांवर तोवर काय काय झालं होतं ते थोडक्यात सांगते. आधी रुईची पानं गरम करून बांधली. मग तांब्याचं कडं आलं. मग एका निवृत्त रेल्वे गार्डाने होमिओपॅथीच्या गोळ्या दिल्या. त्यांच्यासोबत कांदा वर्ज्य होता, म्हणून आम्ही सगळेच उन्हाळाभर कांद्याविना जेवलो. बापूजी मात्र गुपचूप शेजारच्या भाऊरावांकडे जाऊन कांदाभजी खात होते, हे नंतर कळलं. मग टपालाने चुंबकाचा पट्टा मागवला. त्या पट्ट्याने माझं मनगटी घड्याळ बंद पडलं. गुडघा चालू झाला नाही.

भाऊराव निवृत्त पटवारी होते आणि आमच्या ओसरीवरचे कायमचे सल्लागार होते. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं की मधमाशी चावली की सांधे मोकळे होतात. बापूजींना घेऊन ते एका ओळखीच्या संत्र्याच्या बागेत गेले. बापूजी धोतर वर करून झाडाखाली बसले. मधमाशीला गुडघा नीट दाखवून ठेवला होता, असं भाऊराव शपथेवर सांगतात. माशीने नाक पसंत केलं. आठवडाभर बापूजींच्या नाकाकडे पाहून कोणी गुडघ्याची विचारपूस केली नाही, आणि बापूजींनी तो उपाय लागू पडल्याचा पुरावा मानला.

मी पैशांचा प्रश्न सरळ मार्गाने सोडवायचं ठरवलं. मी सरकारी कन्याशाळेत शिकवत होते. सरकारी नोकराच्या घरच्या आजारपणाचा खर्च परत मिळतो, असं ऐकून होते. रजा टाकून बसने सौंसरच्या ऑफिसात गेले. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून ऑफिसचा कारभार हिंदीत. तिथले बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क, पान खात होते. त्यांनी माझं सगळं म्हणणं ऐकून घेतलं.

"मैडम, नियम में माता-पिता हैं. सास-ससुर नहीं हैं."

"पण मी त्यांच्याजवळच राहते."

"वही तो. आप उनके पास रहती हैं. आश्रित तो आप हुईं, वो कहाँ हुए?"

विज्ञानाच्या पदवीत या युक्तिवादाची तयारी करून घेतलेली नव्हती.

"आपकी अपनी माताजी का कराना हो तो फॉर्म ले जाइए," बाबू उदारपणे म्हणाले.

"माझ्या आईचे डोळे चांगले आहेत."

"फिर तो कोई दिक्कत ही नहीं," असं म्हणून त्यांनी फाइल बांधली. मी उठले तेव्हा त्यांनी विचारलं, की पांढुर्ण्यात गुडघ्याचा कोणी चांगला वैद्य आहे का. त्यांच्या माताजींना जिना चढवत नाही.

घरी परतले तर ओसरीवर भांडण चालू होतं. आत्याबाईंचे भाऊ मोरेश्वर, म्हणजे आमचे मोरूमामा, सावरगावहून आले होते. सावरगाव म्हणजे जाम नदीच्या पलीकडचं गाव. मधे नदी, अलीकडे आम्ही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरचे लोक नदीत रोवलेल्या पळसाच्या झाडासाठी एकमेकांना दगड मारतात. गोटमार म्हणतात तिला. बाकी वर्षभर एकमेकांना मुली देतात. पूर्वी पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवली म्हणून हे सुरू झालं, असं सांगतात. आमच्या घरात सावरगावची मुलगी रीतसर, अक्षता टाकून आली होती. पण बापूजी आणि मोरूमामा यांच्यात दगड चालूच होते, फक्त तोंडाने.

मोरूमामा वैद्यकी करत. त्यांनी बापूजींसाठी तेल आणलं होतं, आणि तेही नुसतं बहिणीच्या प्रेमाखातर. बापूजी तेव्हा पांढुर्ण्याच्या पुंडलिकराव वैद्यांचं तेल विकत घेऊन लावत होते.

"सावरगावचं तेल माह्या गुडघ्याले नाही लागणार," बापूजी म्हणत होते.

"काहून? बायको लागली ते?" मोरूमामांनी विचारलं.

"ते जुनी गोष्ट आहे."

"भाऊजी, त्या पुंडलिकच्या तेलात कापराच्या वासाशिवाय काही नाही. तुम्ही गुडघ्याले धूप दाखवून राहिले."

"आन् तुह्या तेलात लसूण. मले काय फोडणी देतं?"

एरवी मी ओसरीवरच्या चर्चेत बोलत नसे. पण त्या दिवशी बसमध्ये उभं राहून माझेही गुडघे दुखत होते आणि बडे बाबूंचं वाक्य अजून डोक्यात होतं. दारातूनच मी म्हटलं, "बापूजी, गुडघे दोन आहेत ना? मग एकाला हे तेल लावा, दुसऱ्याला ते. पोळ्याला पाहू, कोणता बरा होतो."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग भाऊराव म्हणाले, "बाई सायन्सची आहे."

माझा खरा हेतू मी कोणाला सांगितला नव्हता. माझी खात्री होती की पोळ्यापर्यंत दोन्ही गुडघे सारखेच दुखत राहतील. मग सर्वांसमक्ष, पुराव्यानिशी, बापूजींना मानावं लागेल की तेलाने काही होत नाही. तेलं थांबतील, पैसे खात्यात राहतील, पुलावर हमालाच्या खुर्चीतून जायला ते तयार होतील आणि थंडीत आत्याबाईंचे डोळे होतील. कागदावर ही साखळी निर्दोष होती.

प्रयोग म्हटला की तो नीट करायचा. बापूजींना कोणतं तेल कोणत्या गुडघ्याला लागतंय ते कळता कामा नये, नाहीतर मन आधीच निकाल देतं. पण एका तेलाला कापराचा वास होता आणि दुसऱ्याला लसणाचा. म्हणून मी कापराच्या तेलात लसूण तळला आणि लसणाच्या तेलात कापूर घातला. दोन्ही बाजू सारख्याच बिघडवल्या तर तुलना बिघडत नाही, असं माझं त्या वेळचं मत होतं. मग दोन्ही तेलं एकसारख्या तपकिरी बाटल्यांत भरली. चोळायचं काम आत्याबाईंकडे होतं, जसं ते आधीपासून होतंच. त्यांना अक्षरओळख नव्हती, म्हणून मी क आणि ख न लिहिता एका बाटलीला लाल कागद चिकटवला आणि दुसरीला पांढरा. कागद चांगले मोठे घेतले, म्हणजे अंधुक दिसलं तरी रंग कळावा. लाल डाव्याला, पांढरी उजव्याला. लालमध्ये सावरगाव, पांढरीत पांढुर्णा. ही सोय मी खास त्यांच्यासाठी केली होती आणि मला तिचा थोडा अभिमानही वाटला.

एकच उणीव राहिली. नुसतं साधं तेल लावलेला एक गुडघा तुलनेसाठी हवा होता. पण बापूजींना तिसरा गुडघा नव्हता.

कोणत्या बाटलीत काय आहे ते मी फक्त विनायकना सांगितलं. विनायकनी ते फक्त भाऊरावांना सांगितलं. संध्याकाळी मी गुजरीत भाजी घ्यायला गेले, तेव्हा भाजीवालीने विचारलं, "मॅडम, डावा सावरगावचा आहे म्हणे?"

तिथून प्रयोग माझ्या हातून निसटला.

दुसऱ्या दिवसापासून ओसरीवर माणसं येऊ लागली. उजवीकडे पांढुर्ण्याची बसत, डावीकडे सावरगावची. हे कोणी ठरवलं नव्हतं. ज्याचा गुडघा ज्या बाजूला त्या बाजूला तो बसे. बापूजी मधे आरामखुर्चीत, धोतर मांडीपर्यंत, दोन्ही पाय स्टुलावर. आत्याबाई खाली पाटावर बसून चोळत. लोक वाकून पाहत.

"उजवा उतरून राहिला," पुंडलिकराव म्हणत. "सूज पाहा नं, अर्धी नाही राहिली."

"तुमचा उजवा पहिलेच बारीक होता," मोरूमामा म्हणत. "डाव्याचा रंग पाहा. कसा तुकतुकीत झाला."

"तुकतुकीत तर वांगं बी राहते."

बापूजींची परिस्थिती नाजूक झाली. पांढुर्ण्याचा माणूस म्हणून डावा गुडघा बरा वाटला तरी सांगता येईना, आणि बायकोचा भाऊ समोर बसलेला, म्हणून फार दुखला असंही म्हणता येईना. कोणी विचारलं की ते "आहे" एवढंच म्हणत. पोस्टात असतानासुद्धा त्यांनी गुपितं इतकी सांभाळली नसतील.

चहा मात्र दोन्ही काठांना लागे. चोळून झालं की आत्याबाई भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात जात आणि किटली घेऊन येत. उन्हातून आलेल्या लोकांना त्या तोंडावरून ओळखत नसत. आवाजावरून, खोकल्यावरून ओळखत. एकदा त्यांनी चहाचा कप खांबापुढे धरला आणि "घ्या भाऊराव," म्हणाल्या. भाऊराव दुसऱ्या टोकाहून उठून आले, कप घेतला आणि बसले. बोलताना त्यांचं वाक्यसुद्धा तुटलं नाही. उजव्या गुडघ्याच्या वाटीविषयी ते काही महत्त्वाचं सांगत होते.

मी त्या रात्री जेवताना पुन्हा विषय काढला. "आत्याबाई, शिबिराची नावं पोळ्यापर्यंतच घेणार आहेत. दादाराव सांगत होते." दादाराव शिबिराच्या संस्थेचं काम करत, गावोगाव फिरून नावं लिहून नेत.

"एवढं गुडघ्याचं निपटू दे, बाई," त्या म्हणाल्या. "सारेच त्याच्यात गुंतून राहिले."

दरम्यान शाळेत मला मुली गुडघेवाली मॅडम म्हणू लागल्याचं कानावर आलं. मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं की सरकारी शिक्षिकेने दवाखाना चालवणं शोभत नाही. मी म्हटलं, दवाखाना नाही, तुलना चालू आहे. त्यांनी क्षणभर विचार केला आणि माझ्यापुढे आपलं कोपर ठेवलं.

रामाकोन्याहून एक जोडपं बैलगाडीने आलं. त्यांना वाटलं होतं की मॅडमकडे एका बाजूला लावायचं तेल मिळतं. म्हाताऱ्याचे चारही सांधे धरले होते आणि त्याला सरकारी दवाखान्यातून गुलाबी औषधाशिवाय काही मिळालं नव्हतं. दोन तेलं, दोन्ही फुकट, वर चहा. हे ऐकून तो निघाला होता. मी समजावून सांगितलं की यातलं कोणतं लागू पडतं ते अजून ठरायचं आहे. म्हातारी म्हणाली, "मंग दोनी द्या. आमी घरी ठरवतो." मी त्यांना घाण्याचं साधं जवसाचं तेल दिलं आणि हळूहळू चोळायला सांगितलं. आठ दिवसांनी ते संत्र्यांची टोपली घेऊन आले. म्हातारा गाडीतून स्वतः उतरला. "मॅडमचं तेल सगळ्यात भारी," असं त्याने ओसरीवर, दोन्ही वैद्यांच्या देखत सांगितलं.

दोन्ही वैद्य त्या दिवसापासून माझ्याशी बोलेनासे झाले. मला हवा असलेला तिसरा गुडघा मिळाला होता, पण तो सगळ्यात आधी बरा झाला आणि त्यामुळे कोणाच्याच उपयोगाचा राहिला नाही.

मग सौंसरच्या ऑफिसातून कागद आला. मी विनापरवानगी औषधोपचार करत असल्याची तक्रार आहे, तरी स्पष्टीकरण द्यावं. मी स्पष्टीकरण लिहिलं की मी कोणालाही औषध दिलेलं नाही. घरातल्या दोन गुडघ्यांची तुलना करत आहे. उलट टपाली विचारणा आली, की तुलनेची परवानगी कोणाकडून घेतली. त्यानंतरच्या रविवारी बडे बाबू स्वतः आले. त्यांच्यासोबत त्यांच्या माताजी होत्या. बाबूंनी आधी तो कागद किती गंभीर आहे ते सांगितलं आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, "मैडम, वो तीसरा वाला तेल एक शीशी मिल जाता तो..."

मी शिशी दिली. स्पष्टीकरणाचा विषय पुन्हा निघाला नाही. बाबूंच्या माताजी मात्र जाताना आत्याबाईंच्या डोळ्यांसमोर हात हलवून गेल्या आणि त्यांना हिंदीत काहीतरी बोलल्या. आत्याबाई फक्त हसल्या.

पोळा आला. बैल मिरवून घरोघर गेले आणि माणसं आमच्या ओसरीवर आली. दुसऱ्या दिवशी गोटमार, म्हणून दोन्ही गावांच्या अंगात आधीच वारं भरलं होतं. उजवी बाजू भरली, डावी भरली, उरलेले अंगणात उभे राहिले. एवढी माणसं एका जागी सापडतील म्हणून दादारावही कागद-पेन घेऊन आले आणि खांबाशी उभे राहून म्हणाले, "मोतीबिंदूवाले कोणी असन त आजच सांगा. उद्या मले कागद सौंसरले पोचवा लागते."

"थांबा हो," भाऊराव म्हणाले. "पहिले निकाल."

परीक्षा अशी ठरली की बापूजींनी अंगणातल्या बोरिंगपर्यंत चालत जाऊन परत यायचं. बापूजी उठले, टोपी नीट केली आणि निघाले. उजव्या पायावर भार देऊन ते दिमाखात चालले. डावा मात्र असा ओढत होते, जणू तो दुसऱ्या कोणाचा असून पोस्टात चुकून त्यांच्याकडे आला होता.

"भाऊजी, बेईमानी नाही चालत," मोरूमामा म्हणाले. "डावा मुद्दाम घासून राहिले तुम्ही."

"माहा पाय, मी घासीन नाही तर उचलीन."

"मंग एका एका पायावर उभे राहा."

दोन्ही बाजूंना हे पटलं. बापूजी आधी पांढुर्ण्याच्या पायावर, म्हणजे उजव्यावर उभे राहिले. पाय थरथरला, ते कलले आणि पुंडलिकरावांच्या खांद्यावर आले. मग नाइलाजाने डाव्यावर उभे राहिले. आणि उभेच राहिले. बगळ्यासारखे. स्वतःवर संतापलेला बगळा मी पहिल्यांदाच पाहिला.

सावरगावकरांनी नारळ फोडला. एकाने तर हलगी आणली होती.

"हे नाही चालत," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या तेलात या बाईनं लसूण तळला. माह्या तेलाले लसूण बाधते."

"आन् माह्या तेलात कापूर घातला, तरी जिंकलं," मोरूमामा म्हणाले.

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी मास्तरीण आहे. उभं राहून सांगायची सवय आहे. मी पद्धत समजावून सांगितली. वास सारखा केला, बाटल्या सारख्या केल्या, फरक फक्त रंगाचा. लाल डाव्या गुडघ्याला, पांढरी उजव्या गुडघ्याला. त्यात एकदाही चूक झालेली नाही. बोलताना माझ्या लक्षात आलं, की ओसरीवर प्रथमच सगळे माझं ऐकत आहेत. मला बरं वाटलं. मी आणखी दोन वाक्यं बोलले, ती नसती बोलले तरी चाललं असतं.

"झालं मग," मोरूमामा म्हणाले. "आन् चोळणारी माही बहीण. सरले, सांग या सगळ्याइले. लाल बाटली रोज डाव्या गुडघ्यालेच लावली का नाही?"

आत्याबाई पाटावर बसल्या होत्या. मांडीवर तेलाने पिवळा झालेला फडका होता.

"लाल कोन्ती?" त्यांनी विचारलं.

"अव, लाल कागदाची."

"कागद हाताले लागते," त्या म्हणाल्या. "लाल का पांढरा, ते नाही समजत."

हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली.

"मंग इतके दिवस लावलं काय?" बापूजींनी विचारलं. ते अजून एका पायावर होते.

"जे बाटली हाती आली ते. कधी एक, कधी दुसरी. दोनीचा वास सारखाच येते."

मी वास सारखा का केला होता, ते मला आठवत होतं. कोणी विचारलं नाही, हे त्यांचे उपकार.

"सरले, पण सांगाले काय झालं होतं?" मोरूमामा म्हणाले.

"कोणी मले इचारलं नाही," आत्याबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. पोळ्या किती करायच्या ते सांगावं, तसा तो आवाज होता. "सारे गुडघ्यालेच इचारून राहिले होते. म्हटलं, एवढी माणसं रोज येऊन राहिली, चहा पिऊन राहिली, कायले कोणाचा हिरमोड करा. पोळ्यापर्यंतच तर होतं."

पुंडलिकराव आणि मोरूमामा, दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिलं आणि मग एकमेकांकडे पाहिलं. त्या दोघांचं माझ्या हयातीत एकमत झालं ते तेवढ्या एका क्षणापुरतं, आणि ते माझ्याविषयी होतं.

"म्हणजे पुन्हा करा लागन," भाऊराव म्हणाले. "आजपासून. या बारीले बाटलीले गाठ मारून..."

"हाव, दसऱ्यापर्यंत," कोणीतरी म्हणालं.

"दिवाळीपर्यंत ठेवा. थंडीत गुडघ्याचं खरं समजते."

बापूजींनी हळूच दुसरा पाय टेकला. दिवाळीचं नाव ऐकून त्यांना हायसं वाटल्याचं मला दिसलं. दिवाळीपर्यंत पूल नव्हता, डॉक्टर नव्हता, खर्च नव्हता. "चालन," ते म्हणाले. "एवढी घाई कायची आहे? गुडघे झाले की नागपूरले जाऊच."

आत्याबाईंनी फडक्याला हात पुसले. भिंतीला धरून त्या उठल्या. मी पुढे झाले, पण त्यांनी मला हाताने थांबवलं आणि जिथून मघाशी आवाज आला होता त्या खांबाकडे तोंड वळवलं.

"दादाराव, आहा का गेले?"

"आहो, वहिनी."

"माहं नाव लिहा."

ओसरीवरचे उजवे आणि डावे, सगळेच जरा सरकून बसले. बापूजी पुढे आले. "अवो, हे फुकटच्या शिबिराचे आहेत. आपण नागपूरले..."

"मालूम आहे."

"तिथं शाळेत खाली निजवतात."

"मी घरी कुठं पलंगावर निजते?"

"आन् मी त सोबत नाही येऊ शकत नं. बसच्या पायऱ्या..."

"प्रतिभा येईन."

"आन् माहे गुडघे? ते कोण चोळन?"

आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं; निदान त्यांच्या आवाजाकडे पाहिलं. मग उजवीकडे हात केला आणि डावीकडे हात केला.

"इकडं पांढुर्णा बसला आहे, तिकडं सावरगाव," त्या म्हणाल्या. "एवढी माणसं गुडघे पाहाले आहेत, त्यातलं कोणी बी चोळन. मी या थंडीत माह्या डोळ्याचं ऑपरेशन करून घेते."